राग कुणाचा, निघतो कुणावर?

ठेकेदाराने पगार थकवला, नळावर भांडण झाले. घरी आल्यावर आपला हात मात्र लेकरावर उठतो. आपण सगळेच कधी ना कधी असे वागलो आहोत. मनावरचा ताण वाट शोधतो आणि आपल्याहून दुबळ्यावर निघतो.

१९९० साली अमेरिकेतील पीटर सॅलोव्ही आणि जॉन मेयर या मानसशास्त्रज्ञांनी ‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही कल्पना मांडली. आपली व दुसऱ्याची भावना ओळखणे, समजून घेणे आणि सांभाळणे, हे कौशल्य आहे. ते सरावाने वाढवता येते; त्याला पदवी लागत नाही.

ताण आला की छाती धडधडते, श्वास भरभर होतो, दात आवळले जातात. ही खूण दिसताच आपण थांबू, श्वास सावकाश सोडू. मग स्वतःला विचारू: हा राग आहे, भीती आहे की अपमान? भावनेला नेमके नाव दिले की तिचा जोर ओसरू लागतो आणि पुढचे सुचते. भीती घरभाड्याची असेल तर घरात बसून हिशेब करू. अपमान सलत असेल तर विश्वासाच्या माणसाशी बोलू. दारूने ताण घटकाभर दबतो, झोप मात्र बिघडते.

एवढ्याने थकलेला पगार मिळत नाही. तो चौघांनी मिळून मागावाच लागतो. पण डोके शांत असले तर नीट मागता येतो.

दोन आठवडे झोप, भूक, उमेद हरवली असेल तर डॉक्टरांना भेटू. जीव नकोसा वाटला तर एक दिवसही थांबू नये. टेलिमानसच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीही मराठीत बोलता येते.