वीजबिल, ओल आणि ब्रिक्स्टनची छपरे



या अंकात विजेविषयी लिहावे असे कार्यकारिणीत ठरले. कारण उघड आहे. गेल्या काही हिवाळ्यांत आपल्या कार्यक्रमांना जेवणाच्या रांगेत सर्वात जास्त चर्चा होते ती नाटकाची नव्हे, बिलाची. ऑक्टोबर २०२१ मध्ये ऑफजेमच्या हिशेबाने साधारण वापराच्या घराचे वर्षाचे बिल १,२७७ पौंड होते. ऑक्टोबर २०२२ साठी जाहीर झालेला आकडा होता ३,५४९. सरकारने मध्ये पडून तो २,५०० वर धरला. (ही मर्यादा युनिटच्या दराला असते, बिलाला नव्हे, हे पुन्हा एकदा सांगून ठेवतो. "आता अडीच हजारांपेक्षा जास्त येणारच नाही" असे समजून हीटिंग चालू ठेवणारी घरे आम्ही पाहिली आहेत.)

हे सगळे वरून ठरते, आपण काय करणार, असा सूर नेहमी निघतो. जुन्या सभासदांना मात्र १९९४ साल आठवत असेल. त्या एप्रिलपासून घरगुती गॅस आणि विजेवर ८ टक्के व्हॅट लागला आणि पुढच्या वर्षी तो साडेसतरा टक्के व्हायचा होता. पेन्शनर मंडळींनी ठिकठिकाणी आवाज उठवला, खासदारांना पत्रे धाडली. ६ डिसेंबर १९९४ रोजी पार्लमेंटात सरकार ३१९ विरुद्ध ३११ मतांनी हरले आणि ८ चे साडेसतरा झाले नाहीत. १९९७ मध्ये तर व्हॅट ५ टक्क्यांवर आला.

दुसरे उदाहरण ताजे आहे. आगाऊ पैसे भरून चालणारा मीटर आपल्यापैकी अनेकांनी भाड्याच्या पहिल्या घरात वापरला आहे. पैसे संपले की अंधार. थकबाकी असलेल्या घरांत असे मीटर जबरदस्तीने बसवण्यासाठी कंपन्या मॅजिस्ट्रेटकडून शेकडो वॉरंट एकदम मंजूर करून घेत. इंधन-दारिद्र्याविरुद्ध काम करणारे गट कित्येक दिवस ओरडत होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये 'द टाइम्स'च्या बातमीदाराने आतली हकीकत छापली आणि काही दिवसांतच ही वॉरंटे थांबवण्याचा आदेश निघाला. नंतरच्या नियमांनुसार ७५ वर्षांवरील, घरात कोणाचा आधार नसलेल्या व्यक्तीकडे किंवा दोन वर्षांखालील मूल असलेल्या घरात असा मीटर सक्तीने बसवता येत नाही. हे वाक्य कापून फ्रिजवर लावण्यासारखे आहे.

पण आम्हाला खरे सांगायचे आहे ते ब्रिक्स्टनविषयी. दक्षिण लंडनमधील लाफबरो इस्टेट ही लॅम्बेथ कौन्सिलच्या उंच इमारतींची वस्ती. तिथल्या एल्मोर हाऊसच्या छपरावर २०१२ मध्ये सुमारे ३७ किलोवॅटचे सौर पॅनेल बसले. शहराच्या आतल्या भागात, कौन्सिलच्या घरांवर, सहकारी मालकीचा असा हा देशातला पहिलाच प्रकल्प. पैसे बँकेचे नव्हते, भाग विकून उभे केले होते. ब्रिक्स्टनमध्ये असे आणखी दोन प्रकल्प झाले, आणि २०१५ मध्ये हॅकनीच्या बॅनिस्टर हाऊस इस्टेटवर शंभरेक किलोवॅटचा मोठा प्रकल्प उभा राहिला. यामागे 'रिपॉवरिंग लंडन' ही संस्था. वस्तीतल्या तरुण मुलांना पगार देऊन काम शिकवायचे आणि नफ्यातला काही हिस्सा रहिवाशांची बिले कमी करण्याच्या कामासाठी बाजूला काढायचा, ही तिची पद्धत.

फ्लॅटमध्ये राहणारा माणूस इथे हमखास विचारतो, "मग माझे बिल किती कमी झाले?" थेट, फार नाही. प्रत्येक फ्लॅटचे कनेक्शन स्वतंत्र, त्यामुळे छपरावरची वीज आधी जाते ती लिफ्ट, जिने आणि बाहेरचे दिवे यांना. उरलेली ग्रिडमध्ये. जोर धरला तो अनुदानित दरामुळे. हा दर एप्रिल २०१० मध्ये सुरू झाला, २०११ च्या अखेरीस जवळजवळ निम्मा करण्याचा घाट घातला गेला (त्यावर कोर्टकचेरीही झाली) आणि मार्च २०१९ मध्ये नव्या अर्जांसाठी बंद पडला. त्याचा खर्च सर्वांच्या बिलातून वसूल होई. म्हणजे स्वतःचे छप्पर आणि हाताशी काही हजार पौंड असलेल्याला लाभ, आणि भाडेकरूला फक्त भार. आमच्या मते हे न्याय्य नव्हते, आणि ब्रिक्स्टनसारख्या प्रकल्पांचे मोल यातच आहे: छप्पर नसलेल्यालाही थोड्या पैशात भागीदार होता आले.

सहकार आपल्याला नवा नाही. भाग कितीही असोत, मत एकच, हे तत्त्व रॉचडेलच्या विणकरांनी १८४४ मध्ये रुजवले आणि प्रवरानगरच्या साखर कारखान्यात आपल्या शेतकऱ्यांनी ते स्वीकारले. विजेचेही सहकार आपल्याकडे होते. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातली मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था १९७० च्या सुमारास सुरू झाली, चार दशके चालली, आणि थकबाकीच्या डोंगराखाली २०११ मध्ये तिचे काम महावितरणकडे गेले. म्हणून भाग घेण्याआधी हिशेब मागावा. अशा भागांवर व्याजाची हमी नसते आणि ते मनात येईल तेव्हा मोडता येत नाहीत. मुलांच्या शिक्षणाचा पैसा तिथे घालू नये.

आता थोडे रसायनशास्त्र, आमच्या पेशाला जागून. घरात २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल, तर १२ अंशांपेक्षा गार भिंतीवर पाणी जमते. कुकरच्या शिट्ट्या, खोलीत वाळत घातलेले कपडे आणि बिलाच्या भीतीने बंद ठेवलेले हीटिंग, एवढे बुरशीला पुरते. रॉचडेलमध्येच डिसेंबर २०२० मध्ये दोन वर्षांचे एक स्थलांतरित कुटुंबातले मूल अशा बुरशीच्या घरात राहून दगावले. घरमालक संस्थेकडे तक्रारी झाल्या होत्या. त्याच्या नावाचा 'अवाब कायदा' ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधील सामाजिक घरांना लागू झाला. ओलीची चौकशी आणि दुरुस्ती ठरलेल्या मुदतीत करावी लागते. खासगी घरमालकांना मात्र तो तेव्हा लागू झाला नाही, आणि आपले बहुतेक नवे कुटुंबीय राहतात ते तिथेच.

नव्याने आलेल्यांसाठी दोन शब्द. ज्यांच्या व्हिसावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स' लिहिले आहे त्यांना उत्पन्नावर आधारित भत्ते नाहीत, आणि म्हणून त्या भत्त्यांना जोडलेली १५० पौंडांची 'वॉर्म होम डिस्काउंट'ही नाही. पण कंपनीच्या 'प्रायॉरिटी सर्व्हिसेस रजिस्टर'वर नाव घालायला पैसे पडत नाहीत. घरात तान्हे मूल, वयस्क आईवडील किंवा विजेवर चालणारे वैद्यकीय यंत्र असेल तर जरूर घाला. घरमालक वीज पुरवून पैसे घेत असेल, तर त्याने स्वतः भरलेल्या दरापेक्षा जास्त दर तो आकारू शकत नाही. विद्यार्थ्यांनो, हे विशेषतः तुमच्यासाठी.

पुढच्या कार्यक्रमाला चहाच्या टेबलाशेजारी आम्ही दोघे-तिघे बसणार आहोत. शेवटची दोन बिले आणि मीटरचा त्या दिवशीचा आकडा घेऊन या. ज्यांचे इंग्रजी पत्र लिहायचे राहिले आहे, त्यांनी घरमालकाचे आधीचे पत्रही आणावे. तिथेच बसून उत्तर लिहू.