भाकरीची पिशवी घरीच शिवा

वस्तीत गेलो की आम्ही आधी मुलांचे डबे उघडून पाहतो. चपाती वर्तमानपत्रात गुंडाळलेली, तेलाच्या डागावर बातमीची अक्षरे उमटलेली. ही शाई पोटात जाते. अन्न वर्तमानपत्रात बांधायला २०१८च्या अन्नसुरक्षा नियमांत मनाई आहे, पण वडेवाल्याला सांगणार कोण? निदान आपले घर तरी आपल्या हातात आहे.

जुने सुती लुगडे किंवा मांजरपाट घ्या. टेरिकॉट नको, त्यात वाफ कोंडते. कोरे कापड आधी गरम पाण्यात धुवा. आम्ही धुतले नाही, पहिली पिशवी आटली, भाकर मावेना! २६ इंच लांब, १२ इंच रुंद तुकडा मधोमध दुमडा. एका बाजूचे वरचे दोन इंच नाडीसाठी सोडून सुलट बाजूने कडांना बारीक टीप मारा, पिशवी उलटून पुन्हा टीप मारा. सुटे दोरे आत बंद होतात, भाकरीला चिकटत नाहीत. वर नेफा दुमडून नाडी ओवा. मशीन नसेल तर सुईदोरा पुरे.

भाकर निवल्यावरच भरा. पिशवी रोज साबणाने धुवून कडक उन्हात वाळवा. दमट राहिली तर बुरशी येते. म्हणून घरटी दोन शिवा. मटण-मासळीला ही पिशवी वापरू नका.