कुणी नसताना आवाज येतो, तेव्हा



बैठकीत आपण हप्त्याचं बोलतो, मुलीच्या शिक्षणाचं बोलतो, अंगावरून पांढरं जाण्याबद्दलही आता न लाजता बोलतो. पण एक गोष्ट अजून कुणी काढत नाही. घरात कुणी नसताना आवाज ऐकू येणं. गेलेल्या माणसाचा खोकला, मागून मारलेली हाक, नाहीतर दिवसभर कानाशी चाललेलं बोलणं, कधी कधी शिव्या.

बाई हे सांगत नाही, कारण सांगितल्यावर काय होणार हे तिला ठाऊक असतं. अर्धी माणसं म्हणणार, बाहेरचं लागलंय. उरलेली म्हणणार, डोकं फिरलंय. एकीकडे तिला भगताकडे नेतात, दुसरीकडे माहेरी धाडतात. आणि दोन्हीकडे एक साधा प्रश्न राहून जातो : बाई गं, तो आवाज तुला म्हणतो तरी काय?

मानसशास्त्रात हाच प्रश्न विचारून अभ्यास करणारी माणसं आहेत. आपल्याकडे दारिद्र्यरेषेचा सर्व्हे होतो तेव्हा रकाने भरतात : जमीन किती, भिंत कशाची, शेळ्या किती. तो मोजणारा अभ्यास. पण त्या घरातली बाई महिना कसा ढकलते, हे रकान्यात येत नाही. त्यासाठी तिच्याजवळ बसून तिचं तिच्या शब्दांत ऐकावं लागतं. तसाच हा ऐकणारा अभ्यास. त्यात माणसं थोडी असतात, पण एकेकाशी तासन् तास बोलतात आणि त्याच्या सांगण्याला खोटं म्हणत नाहीत.

युरोपात वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तिथल्या खेड्यापाड्यांत काम करणाऱ्या डेवी रीस या डॉक्टरांनी आपल्या भागातल्या विधवा बायका आणि विधुर पुरुष गाठले. एकूण २९३ जण. जोडीदार गेल्यावर तो जवळ असल्यासारखं वाटतं का, दिसतो का, ऐकू येतो का, असं विचारलं. जवळजवळ निम्म्यांनी हो म्हटलं. बहुतेकांना नुसतं जवळ असल्यासारखं वाटायचं. काहींना माणूस दिसायचा, काहींना आवाज यायचा, अगदी थोड्यांना स्पर्श जाणवायचा. १९७१ साली हा अभ्यास छापून आला. संसार जितका लांबलेला आणि सुखाचा, तितका हा अनुभव जास्त, असं त्यांना दिसलं. कित्येकांना तो वर्षानुवर्षं येत होता. बहुतेकांना त्याची भीती वाटत नव्हती, उलट आधार वाटत होता.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटली ती वेगळीच गोष्ट. असा अनुभव आलेल्यांपैकी दर चारांतल्या जवळजवळ तिघांनी तो डॉक्टर विचारीपर्यंत कुणालाही सांगितला नव्हता. ना मुलांना, ना शेजारणीला. लोक हसतील म्हणून. म्हणजे शिकल्या-सवरलेल्या मुलखातही तीच गत. तेव्हा आपल्या गटातल्या कुणा विधवा ताईला तिन्हीसांजेला धन्याची चाहूल लागत असेल, तर त्यात भुताचंही काही नाही आणि वेडाचंही नाही. एवढ्या वर्षांची सवय आहे, ती मन सोडत नाही.

झोप लागता लागता किंवा पहाटे डोळा उघडता उघडता कुणी नावाने हाक मारल्यासारखं वाटणं तर फारच सर्रास. रात्री तीन हाका झाल्याशिवाय ओ देऊ नये म्हणतात, ते उगाच आलं नसावं. म्हातारपणी कान कमी झाले की काहींना गाणी, भजनं ऐकू येतात. त्यांना आधी कानाच्या डॉक्टरला दाखवावं.

आता यापुढचं. काहींचा आवाज पाठ सोडत नाही, भांडतो, हुकूम करतो. नेदरलँड्स या देशात मारिउस रोम हे मनोविकाराचे डॉक्टर होते. त्यांच्याकडे येणाऱ्या एका बाईने त्यांना सुनावलं : तुम्ही न दिसणाऱ्या देवावर विश्वास ठेवता, मग मला खरोखर ऐकू येणाऱ्या आवाजावर का नाही? डॉक्टर विचारात पडले. १९८७ साली त्या बाईला घेऊन ते टीव्हीवर गेले आणि ज्यांना आवाज येतात त्यांनी कळवावं, असं आवाहन केलं. सुमारे ७०० लोकांनी संपर्क केला. त्यांतल्या ४५० जणांना आवाज येत होते, आणि सुमारे १५० जण त्या आवाजांसकट आपलं आयुष्य नीट चालवत होते.

सांड्रा एशर या बाईंबरोबर रोम यांनी पुढे अशा बऱ्याच माणसांचं ऐकलं. बहुतेकांचा आवाज एखाद्या मोठ्या धक्क्यानंतर सुरू झाला होता. जवळचा मृत्यू, मारहाण, लहानपणी झालेला अत्याचार. आणि आवाज जे बोलतो त्याचा जगलेल्या गोष्टींशी संबंध असतो. आपल्यालाही हे उमजायला अवघड नाही. जिला वर्षानुवर्षं रंगावरून, जाडीवरून, मूल होत नाही म्हणून टोचलंय, तिच्या कानातला आवाज दुसरं काय बोलणार?

तिसरा अभ्यास आपल्या देशाशी जोडलेला आहे. अमेरिकेतल्या टॅन्या लुरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन गावांत स्किझोफ्रेनिया हा गंभीर आजार असलेल्या आणि आवाज ऐकू येणाऱ्या माणसांच्या मुलाखती घेतल्या : अमेरिकेत सॅन मॅटिओ, आफ्रिकेतल्या घाना देशात आक्रा आणि आपलं चेन्नई. प्रत्येक ठिकाणी २० जण. अमेरिकेतल्या १४ जणांना आवाज सांगत होते की स्वतःला नाहीतर दुसऱ्याला इजा कर. आक्र्यातल्या १६ जणांना देवाचा आवाज येत होता. आणि चेन्नईतल्या ११ जणांना कुणाचा? घरच्या माणसांचा, नातेवाइकांचा! काय काय कामं कर म्हणून सांगणारा, चुकलं की रागावणारा. (हे वाचून आमच्या इथे एक जण म्हणाली, म्हणजे डोक्यातसुद्धा सासू सुटत नाही!)

हसण्यावारी नेलं तरी गोष्ट मोठी आहे. आजार तोच, पण आवाज जिथल्या तिथला झाला. अमेरिकेत माणसाला वाटतं, माझ्या डोक्यात कुणीतरी घुसलंय. चेन्नईत तो ओळखीचा आवाज असतो, त्याच्याशी थोडंफार नातं राहतं. आजूबाजूची माणसं आवाजाला काय म्हणतात याचा आवाजावर परिणाम होत असावा, असं या अभ्यासकांना वाटतं. साठ माणसांवरून सगळं जग ठरत नाही, हे खरं. तरी मला हे पटतं. दिवसरात्र ‘हडळ लागलीय’ ऐकणाऱ्या बाईचा आवाज मऊ कसा होईल?

मात्र यातून कुणी असा अर्थ काढू नका की आजार नसतोच आणि औषधं फेकून द्यावीत. चेन्नईतली ती माणसं आजारीच होती. काही वेळा तर वाट बघायची नसते.

पहिली वेळ बाळंतपणानंतरची. हजार बाळंतिणींमागे एखाद-दोघींना पहिल्या दोन आठवड्यांत एकाएकी मोठा मानसिक आजार होतो. बाळ झोपलं तरी आई झोपत नाही, बोलण्याला ताळमेळ राहत नाही, हे बाळ माझं नाही म्हणते, घरच्यांवर संशय घेते, आवाज ऐकू येतात. याला बाळंतवारं म्हणत बसू नका, धुरी देऊ नका. त्याच दिवशी दवाखाना. तोवर बाळ आणि आई, दोघांनाच खोलीत ठेवायचं नाही. वेळेवर उपचार झाले तर बाई पूर्ण बरी होते. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी घरी येते तेव्हा बाळाच्या वजनाबरोबर आईची झोपही तिला सांगा.

आवाज मर म्हणत असेल, मार म्हणत असेल, तरीही लगेच जायचं. जेवणात विष आहे म्हणून बाई खात नसेल, रात्रीच्या रात्री जागी असेल, तरीही. म्हातारं माणूस ताप भरून किंवा साखर उतरून एकदम असंबद्ध बोलायला लागलं, तर तो शरीराचा आजार असतो, तिथेही उशीर नको.

गोळ्यांचं थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण बायका त्या मधेच सोडतात आणि का सोडल्या ते सांगत नाहीत. आवाज कमी करणाऱ्या काही गोळ्यांनी वजन वाढतं. काहींनी पाळी पुढे जाते किंवा बंद होते, छातीतून दूधही येतं. बाई घाबरते, दिवस गेले की काय म्हणते. नवरा म्हणतो, किती फुगलीस. ब्लाउज होत नाही, लग्नाकार्याला जावंसं वाटत नाही. मग एक दिवस डबी चुलीत जाते आणि दोन-तीन महिन्यांत आजार उलटतो. यात बाईचा नखरा नाही. आपलं शरीर आपल्याला परकं वाटणं हे दुखणंच आहे. डॉक्टरला स्पष्ट सांगायचं : डॉक्टर, पाळी थांबली, वजन इतकं वाढलं. गोळी बदलता येते, प्रमाण कमी करता येतं. मनाने बंद करायची नाही, एवढंच.

भगताबद्दल. अंगारा लावला, नवस बोलला, त्याने कुणाचं बिघडत नाही. पण भूत उतरवायचं म्हणून दोरीने-साखळीने बांधणं, छडीने मारणं, मिरचीची धुरी देणं, केस धरून टांगणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं मागितलेला हा कायदा त्यांच्या खुनानंतर आला. मानसिक आजार असलेल्या माणसाला साखळीने बांधायला २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही मनाई आहे. तमिळनाडूत एरवाडीला २००१ साली आग लागली तेव्हा २८ माणसं जळून मेली. साखळ्या बांधलेल्या होत्या, पळता आलं नाही.

मग गटातल्या एखादीने हे मन मोकळं केलं तर करायचं काय? आधी ऐकायचं. कधीपासून येतो, कुणाचा वाटतो, काय म्हणतो, त्याची भीती वाटते की बरं वाटतं, तो सांगतो तसं करावंसं वाटतं का, झोप लागते का. जीव द्यावासा वाटतो का, हेही सरळ विचारावं. विचारल्याने तसं मनात येतं, ही समजूत चुकीची आहे. ‘असं काही नसतंच’ म्हणून वाद घालू नये आणि ‘हो, मलाही येतो’ असं खोटंही बोलू नये. ‘मला ऐकू येत नाही, पण तुला येतो हे खरं’ इतकं म्हटलं तरी पुरतं. हे बैठकीच्या प्रोसिडिंगमध्ये लिहायचं नाही. तिचं पासबुक, तिची सही, तिची जागा तशीच राहील. दोन हप्ते थकले तर काय करायचं ते गटाने ठरवावं, पण तिला कमी करण्याचा ठराव आणू नये.

दाखवायला प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करा. तिथून जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवतात. दाखल करायची वेळ आली तर येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे सरकारी मनोरुग्णालयं आहेत. त्याआधी नुसतं बोलायचं असेल तर टेली मानसचा नंबर १४४१६. फुकट आहे, रात्री-अपरात्री लागतो, मराठीत बोलतात. घरचा मोबाईल नवऱ्याकडे किंवा मुलाकडे असतो हे माहीत आहे. म्हणून सीआरपी ताईंच्या मोबाईलवरून लावा, आणि बोलणं होईपर्यंत ताईंनी अंगणात जाऊन बसावं.