434 माणसांची काउंटी आणि तिचे मुख्यालय

अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यात, पश्चिमेच्या गवताळ मैदानात, आर्थर नावाचे गाव आहे. वस्ती शंभराच्या थोडी वर. तरीही ते आर्थर काउंटीचे मुख्यालय आहे. न्यायालय, शेरीफ, जमिनीचे दप्तर, करभरणा आणि बारावीपर्यंतची शाळा, सगळे तिथेच. 2020च्या जनगणनेत अख्ख्या काउंटीत 434 माणसे मोजली गेली. क्षेत्रफळ मात्र सुमारे 1,860 चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबई शहर आणि उपनगर जिल्हा एकत्र केले तरी त्यांच्या तिप्पट. इतक्या थोड्या माणसांसाठी वेगळे सरकार कशाला, शेजारच्या मोठ्या काउंटीत विलीन करून टाका, हा सल्ला अशा काउंट्यांना पुन्हा पुन्हा दिला जातो. माझ्या मते तो सल्ला चुकीच्या मोजपट्टीवर उभा आहे. मैदानी प्रदेशातले मुख्यालय डोकी मोजून जन्माला आले नाही. अंतरामुळे आणि जमिनीच्या कारभारामुळे ते जन्मले, आणि ती दोन्ही कारणे अजून शाबूत आहेत.

आर्थरचा जन्मच याची साक्ष देतो. राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांच्या नावाने ही काउंटी 1887 साली नकाशावर आखली गेली, पण तिथे कारभार उभा राहिला नाही. पूर्वेकडच्या मॅकफर्सन काउंटीला ती जोडलेली राहिली. त्या काउंटीचे मुख्यालय ट्रायन हे आर्थरपासून सरळ रेषेत सुमारे 60 किलोमीटर. मधला मुलूख सँडहिल्सचा, म्हणजे गवताने धरून ठेवलेल्या वाळूच्या टेकड्यांचा. गवताची साय फाटली की खाली नुसती वाळू, आणि त्या वाळूत घोडागाडीची चाके रुततात. एक खरेदीखत नोंदवायचे तर दोन-तीन दिवसांचे काम बुडवायचे. 1904च्या किंकेड कायद्याने नेब्रास्काच्या पश्चिमेकडील 37 काउंट्यांमध्ये प्रत्येक वसाहतकऱ्याला 160 ऐवजी 640 एकरांपर्यंत जमीन मिळू लागली. माणसे आली, दावे आले, कज्जे आले, आणि मग ट्रायनची वाट सोसवेना. 1913 साली आर्थरचा स्वतंत्र कारभार सुरू झाला. नेब्रास्काच्या 93 काउंट्यांपैकी ही सर्वांत शेवटची.

त्या कारभाराचे पहिले घर आजही उभे आहे. 1914-15मध्ये बांधलेली लाकडी फळ्यांची ती छोटी इमारत आपल्याकडच्या चावडीहून फारशी मोठी नसेल. देशातल्या सर्वांत लहान न्यायालयांत तिची गणना होते. शेजारी तेवढाच चिमुकला तुरुंग. 1960च्या दशकाच्या आरंभापर्यंत काउंटीने त्याच इमारतीत काम भागवले, आता तिथे संग्रहालय आहे. गावातले 1928चे चर्च तर पेंढ्याचे आहे. या भागात झाडे नाहीत, लाकूड दुरून आणावे लागे. म्हणून लोकांनी यंत्राने दाबलेले पेंढ्याचे गठ्ठे विटांसारखे एकावर एक रचले आणि आतून-बाहेरून गिलावा केला. भिंती दोन-दोन फूट जाडीच्या, हिवाळ्यात ऊब धरणाऱ्या. मुख्यालय म्हणजे उधळपट्टी, असे मानणाऱ्यांनी या दोन इमारती नीट पाहाव्यात. जवळ जे आहे त्यात भागवायचे, हा या गावाचा धर्मच आहे.

पहिला आक्षेप लोकसंख्येचा. 1920 साली काउंटीत 1,400हून अधिक माणसे होती, आता तिसरा हिस्साही उरलेली नाहीत. पण ही घट कारभार बिघडल्याची खूण नाही, जमिनीचाच तो हिशेब आहे. सँडहिल्समध्ये एक गाय आणि तिचे वासरू वर्षभर पोसायला साधारण दहा ते वीस एकर गवत लागते. तेव्हा 640 एकरांत एका कुटुंबाचा चरितार्थ चालणे कठीणच होते. नांगर घातला तर वाळू उडाली. बहुतेक किंकेडकऱ्यांनी जमिनी विकल्या, गुराखीमालकांनी त्या जोडून मोठी कुरणे केली. माणसे गेली, जमीन तेवढीच राहिली. तिची मालकी, तिच्यावरचा कर, तिच्यातून जाणारे रस्ते, वणवा लागला तर धावायची जबाबदारी, यातले एकही काम लोकसंख्येबरोबर कमी झाले नाही.

कराचा मुद्दा सर्वांत कळीचा आहे. नेब्रास्कात काउंटी आणि शाळा मुख्यतः मालमत्ता करावर चालतात, आणि त्या कराचा सर्वांत मोठा वाटा शाळेला जातो. जमिनीचे मूल्यांकन पटले नाही तर मालकाने जूनअखेरपर्यंत काउंटी मंडळाकडे तक्रार करायची. त्या मंडळावरचा माणूस स्वतः गुरे पाळणारा असेल, तर ओलसर कुरण आणि कोरडी टेकडी यांतला फरक त्याला समजावून सांगावा लागत नाही. आता आर्थर काउंटी दक्षिणेकडच्या कीथ काउंटीत विलीन केली असे धरा. कीथची लोकसंख्या आठ हजारांहून अधिक, तिचे मुख्यालय ओगलाला. नव्या काउंटीत आर्थरकरांचा वाटा जेमतेम पाच टक्के उरेल. त्यांच्या कुरणांचा कर, त्यांच्या रस्त्यांची निगा आणि कोणता रस्ता बर्फातून आधी मोकळा करायचा, हे ठरवणारे मंडळ उरलेल्या पंचाण्णव टक्क्यांचे असेल. त्यात कोणाचा दुष्टावा असण्याची गरज नाही. मतांचे गणित पुरेसे आहे.

मोटारीने आणि इंटरनेटने अंतर संपवले, असेही म्हणतात. अर्ज भरण्यापुरते ते खरे आहे. पण वणवा, हिमवादळ आणि रस्त्यावर फिरणारे ग्रेडर यंत्र पडद्यावरून चालवता येत नाही.

सर्वांत गंभीर आक्षेप वेगळाच आहे. इतक्या थोड्या मतदारांत चार घराणी सगळा कारभार मुठीत घेऊ शकतात. ही भीती पोकळ नाही. टेक्सासच्या लव्हिंग काउंटीत 2020च्या जनगणनेत अवघी 64 माणसे होती, जमिनीखाली तेलाचा पैसा होता, आणि खरा रहिवासी कोण व मतदार कोण यावरून तिथले वाद न्यायालयापर्यंत गेले. हा दोष मी झाकणार नाही. परंतु त्यावर उपाय वरून तपासणीचा आहे: राज्याचे लेखापरीक्षण आणि मंडळाच्या निकालावर बाहेर दाद मागण्याची सोय. नेब्रास्कात कराच्या मूल्यांकनाविरुद्ध राज्य आयोगाकडे अपील करता येते. मोठ्या काउंटीतही घराणी असतातच. तिथे ती दूर बसतात एवढेच.

उरतो खर्च. तो कमी करण्याची वाट विलीनीकरणाशिवायही सापडलेली आहे. नेब्रास्काच्या छोट्या काउंट्यांमध्ये एकच कारकून जमिनीची नोंदणी, निवडणूक आणि जिल्हा न्यायालयाचे दप्तर सांभाळतो, कायद्यानेच तशी मुभा आहे. न्यायाधीश अनेक काउंट्यांत फिरून सुनावण्या घेतात. 1963च्या कायद्यानुसार शेजारच्या काउंट्या करार करून सेवा वाटून घेऊ शकतात. जे वाटून घेता येते ते जरूर वाटून घ्यावे. निवडलेले मंडळ, त्याची खुली बैठक आणि जमिनीचे दप्तर मात्र आर्थरमध्येच राहिले पाहिजे, आणि ते हलवायचेच असेल तर तो निर्णय त्या 434 जणांच्या स्वतंत्र मतदानाने व्हावा, शेजाऱ्यांची मते त्यात मिसळून नव्हे.