घाटात ब्रेक पेडल खाली का जाते? जुन्या गाडीचे ब्रेक ऑइल बदलण्याची योग्य पद्धत

माल भरलेला जुना ४०७ घाट उतरतो. चार-पाच वळणांनंतर पेडल मऊ लागते आणि खाली जाऊ लागते. खाली पोहोचून गाडी थंड झाली की ब्रेक पूर्ववत लागतो, म्हणून चालक विसरून जातो. दोष अनेकदा जुन्या ब्रेक ऑइलचा असतो. (मोठ्या ट्रकना एअर ब्रेक असतात, हा प्रश्न हायड्रॉलिक ब्रेकच्या हलक्या ट्रक व टेम्पोंचा.)

नावात ऑइल असले तरी ते तेल नाही. ग्लायकॉलपासून बनलेला हा द्रव हवेतला ओलावा शोषतो. नवे डॉट-३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळते. पाणी मुरल्यावर ही मर्यादा १४० अंशांपर्यंत उतरते. ड्रम तापले की ऑइल उकळून वाफ होते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. त्यामुळे पायाचा जोर चाकापर्यंत पोहोचतच नाही. म्हणूनच वरून थोडे ओतून भागत नाही. पातळी घटली असेल तर गळती किंवा झिजलेले लायनर शोधावे.

ऑइल बदलायला दोघे हवेत. इंजिन बंद ठेवून चाकांना ओंडके लावा. जुने निपल गंजून तुटतात, म्हणून आदल्या दिवशीच त्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारावा. डबीतले काळे ऑइल काढून सीलबंद डब्यातले नवे भरा. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून, म्हणजे सहसा मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात करा. गाडीच्या पुस्तिकेत वेगळा क्रम असेल तर तोच पाळा. निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडवा. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपल सैल करून पुन्हा आवळायचा, मगच पाय उचलायचा. हा क्रम चुकला की हवा उलटी आत जाते. बुडबुडे थांबून स्वच्छ ऑइल येईपर्यंत हे करा. डबी मध्येच रिकामी झाली, तर सगळी मेहनत पुन्हा पहिल्यापासून!

जुन्या गाडीत आणखी एक धोका. पेडल तळापर्यंत दाबले तर मास्टर सिलिंडरचे रबर एरवी न पोहोचणाऱ्या गंजलेल्या भागावर घासून फाटते. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवला की ते टळते.

इंजिन ऑइल चुकूनही ओतू नका, रबर फुगते. रंगावर ब्रेक ऑइल सांडले तर लगेच पाण्याने धुवा. शेवटी पेडल कडक लागते का पाहून रिकामी गाडी सपाट, मोकळ्या रस्त्यावर हळू चालवून तपासा. माल त्यानंतर भरा.