अम्मींच्या दातांचे माप दोनदा

आमच्या अम्मींना खालच्या उजव्या बाजूच्या तीन दाढा नव्हत्या. सोलापूरच्या घरात दाढा नसणे म्हणजे काय, हे कडक भाकरी खाणाऱ्यांनाच कळेल. अम्मी भाकरी दुधात भिजवून खात, शेंगाचटणी डाव्या बाजूने चघळत आणि मटणाची बोटी गुपचूप नातवाच्या ताटात सरकवीत. काढता-घालता येणारे दात त्यांनी वर्षभर वापरून पाहिले, मग ते कपाटात गेले. शेवटी इम्प्लांट बसवायचे ठरले. मुलांचे पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या. आपल्या चार बांगड्यांपैकी दोन त्यांनी सराफाकडे नेऊन मोडल्या.

इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला टायटॅनियमचा स्क्रू. हाड या धातूला घट्ट धरून ठेवते, हे स्वीडनच्या ब्रेनमार्क यांच्या लक्षात आले आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. अम्मींना दोन इम्प्लांट बसवले, त्यांच्यावर तीन दाढांचा एक ब्रिज यायचा होता. हाड धरण्यासाठी तीन महिने थांबलो. अम्मींना मधुमेह आहे, म्हणून आमचा सगळा जीव त्या तीन महिन्यांत अडकला होता. ते नीट पार पडले आणि आम्ही निर्धास्त झालो. आता काय, फक्त माप घ्यायचे!

मापाच्या दिवशी आमच्या शाळेत घटक चाचणी होती. आम्ही दोघेही शिक्षक, दोघांनाही अर्ध्या दिवसाची रजा. दवाखान्यात गर्दी होती. “उद्या निवांत घेऊ या का?” असे तेथे विचारले गेले, तेव्हा “नको, आजच उरका,” असे आम्हीच म्हणालो. पंधरा-वीस मिनिटांत काम झाले. दोन आठवड्यांनी ब्रिज आला, बसवला. बसवताना अम्मींना जबडा ताणल्यासारखा वाटला. होईल सवय, असे सांगण्यात आले. दीड महिन्यात एक स्क्रू ढिला झाला. आवळून आणला, पुन्हा ढिला झाला. तिसऱ्यांदा अम्मी म्हणाल्या, “बेटा, ये दात मेरे नै लगते.” बांगड्यांचा उल्लेख त्यांनी केला नाही. तो आमच्याच मनात होता.

आम्ही दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दोन्ही स्क्रू काढले, ब्रिज पुन्हा ठेवला आणि फक्त मागचा स्क्रू आवळला. पुढचे टोक जरासे उचलले गेले. डोळ्यांना जेमतेम दिसेल इतकेच, पण एक्स-रेमध्ये तेथे बारीक काळी रेघ आली. इम्प्लांट उत्तम होते, हाडही चांगले होते. चुकले होते ते माप.

भाषा शिकवणारी माणसे आम्ही, त्यामुळे या शब्दावर थोडे अडतो. माप शिंपी घेतो. दाताचा डॉक्टर घेतो तो ठसा. नैसर्गिक दातावर कॅप बसवायची असेल, तर ठशात त्या दाताचा आकार आणि हिरडीजवळची कड हुबेहूब यावी लागते. इम्प्लांटचा आकार तर कारखान्यातच ठरलेला असतो. तेथे ठशाने आणायची असते ती जागा: हा स्क्रू हाडात नेमका कोठे आहे, किती खोल आहे, शेजारच्या स्क्रूशी किती अंशाने कललेला आहे. त्यासाठी इम्प्लांटवर एक धातूची खुंटी स्क्रूने बसवतात, तिला कोपिंग म्हणतात. ठसा त्या खुंटीचा घ्यायचा. मग तिला इम्प्लांटची नक्कल जोडून वर दगडासारखे कडक प्लॅस्टर ओततात. लॅबमधल्या माणसाने अम्मींचे तोंड कधी पाहिलेले नसते, त्याच्यासाठी ते प्लॅस्टर हेच तोंड.

यात केसभर चूक खपत नाही, याचेही कारण डॉक्टरांनी सांगितले. आपला दात हाडात थेट रुतलेला नसतो. भोवती तंतूंची पातळ गादी असते आणि तिच्यामुळे तो दाबाखाली साधारण २५ ते १०० मायक्रॉन हलू शकतो. कॅप थोडी इकडेतिकडे असली तरी दात सांभाळून घेतो. इम्प्लांट हलतो जेमतेम ३ ते ५ मायक्रॉन. तो सांभाळून घेत नाही. मग सगळा ताण बारीक स्क्रूवर येतो आणि तो ढिला होतो, कधी तुटतोही.

आता ठशाचा मसाला कोणता? आमची समजूत अशी की महाग तो चांगला. तसे नसते.

सर्वात ओळखीचा तो अल्जिनेट, पाण्यात कालवून ट्रेमध्ये भरतात तो. तो तपकिरी समुद्री शेवाळापासून मिळतो. स्वस्त आहे, तोंडात लवकर जमतो, पण त्यातले पाणी उडाले की आकसतो आणि ओलाव्यात ठेवला की फुगतो. म्हणून प्लॅस्टर लगेच ओतावे लागते. सुरुवातीचा नमुना करायला तो ठीक आहे, इम्प्लांटच्या अंतिम ठशाला नाही. सिलिकॉनचे दोन प्रकार आहेत आणि नावावरून फसायला होते. कंडेन्सेशन सिलिकॉन घट्ट होताना अल्कोहोल सोडतो आणि आकसतो. ॲडिशन सिलिकॉनमध्ये असे काही बाहेर पडत नाही, म्हणून तो ठसा काही दिवस आकार टिकवतो. वाकून पुन्हा मूळ आकारात येण्यातही हाच पुढे आहे. त्याचे वैर आहे ते रबरी लॅटेक्स हातमोज्यांशी. त्या मोज्यांनी पुट्टी मळली तर गंधकामुळे ती नीट जमत नाही. शिवाय उन्हाळ्यात तो भराभर घट्ट होतो. सोलापूरच्या मे महिन्यात डॉक्टर पुट्टीचे डबे फ्रिजमध्ये ठेवतात, ते उगाच नव्हे.

तिसरा पॉलिइथर. जर्मनीत १९६५ च्या सुमारास दंतवैद्यकात आलेला. चव कडवट, पण ओल्या तोंडातही बारकावे चांगले टिपतो आणि जमल्यावर इतका ताठ होतो की कोपिंग त्यात जराही फिरत नाही. इम्प्लांटसाठी अनेक डॉक्टरांची पहिली पसंती त्यालाच असते. आम्ही लगेच म्हणालो, मग तोच वापरा. डॉक्टरांनी अम्मींना आ करायला सांगितले आणि आम्हाला खालचे पुढचे दात दाखवले. हिरड्या खाली सरकलेल्या, दातांमध्ये फटी, दोन दात हलणारे. ताठ मसाला त्या फटींत शिरून बसला, की ट्रे काढताना दातच ओढले जाणार. ज्या ताठपणाने कोपिंग धरून ठेवायचे, तोच ताठपणा या तोंडात घातक. म्हणून त्यांनी ॲडिशन सिलिकॉन निवडला, पुढच्या फटी मेणाने बुजवल्या आणि कोपिंग न हलण्याची सोय वेगळ्या मार्गाने केली.

ही सोय आम्ही खुर्चीशेजारी उभे राहून पाहिली. पहिल्या वेळी ट्रे काढल्यावर कोपिंग तोंडातच राहिले होते, ते काढून हाताने ठशाच्या खळग्यात परत बसवले होते. अम्मींचे इम्प्लांट एकमेकांकडे झुकलेले असल्याने तेथे गफलत होण्याचा संभव जास्त. या वेळी ट्रेला वरून खिडकी पाडली होती. लांब स्क्रूची कोपिंग बसवली आणि ती पूर्ण खाली टेकली की नाही, हे एक्स-रे काढून पाहिले. आधी हे झाले नव्हते. मग दोन्ही कोपिंगना दोरा गुंडाळून त्यावर रेझिन चढवले. रेझिन घट्ट होताना आकसते, म्हणून मध्ये बारीक काप देऊन तेवढीच फट पुन्हा भरली. मसाला भरलेला ट्रे दाबल्यावर स्क्रूची टोके खिडकीतून वर आली. डॉक्टरांनी घड्याळ लावले आणि ते वाजेपर्यंत ट्रेवरचा हात काढला नाही. अम्मींना उमासे येऊ लागले, तेव्हा मान पुढे झुकवून नाकाने श्वास घ्यायला सांगितले. मग स्क्रू सोडवले आणि ट्रे उचलला तो कोपिंग पोटात घेऊनच. सगळ्याला दीड तास लागला.

तोंडात फिरवायच्या स्कॅनरचीही चौकशी आम्ही केली. मसाला नाही, उमासे नाहीत. एक-दोन किंवा शेजारच्या तीन दातांना तो चांगलाच चालतो असे कळले. पूर्ण जबडा असेल तर छोटी छोटी चित्रे जोडता जोडता चूक साठत जाते, तेथे अजून जपून. अम्मींचे काम त्यावरही झाले असते, पण या डॉक्टरांकडे तो नव्हता आणि पुण्याच्या खेपा अम्मींना नको होत्या.

कोणता मसाला घ्यायचा हे रुग्णाने ठरवायचे नसते. पण हाच का, कोपिंग टेकल्याचा एक्स-रे काढणार का, ब्रिज कायमचा आवळण्याआधी एका स्क्रूवर तपासणार का, हे विचारायला काय हरकत आहे? पहिल्या वेळी आम्ही एवढेच विचारले होते की किती वेळ लागेल.

नवा ब्रिज बसला तेव्हा डॉक्टरांनी पुन्हा मागचा एकच स्क्रू आवळला. पुढचे टोक जागचे हलले नाही. एक्स-रेत रेघ नव्हती. अम्मींना ताण जाणवला नाही. आठ महिने झाले, स्क्रू तसाच आहे. कडक भाकरीला त्यांना अद्याप परवानगी दिलेली नाही, पण शेंगाचटणी उजव्या बाजूने चालू आहे आणि नातवाच्या ताटात आता बोटी येत नाही.

जुना ब्रिज अम्मींनी बांगड्यांच्या रिकाम्या डबीत ठेवला आहे. सराफ तो घेईल का, असे त्या अधूनमधून विचारतात. त्यात सोने नाही, हे आम्ही दोनदा सांगितले आहे.