सेटलमेंटचे दप्तर आणि नातवाचा दाखला

दहावी-बारावीचे निकाल लागले की धाराशिव जिल्ह्यातल्या तहसील कचेऱ्यांसमोर दाखल्यांसाठी गर्दी होते. त्या गर्दीत पारधी, कैकाडी, वडार समाजाचे आईबाप हातात पिशव्या घेऊन उभे असतात. पिशवीत रेशनकार्ड असते, मुलाचा शाळा सोडल्याचा दाखला असतो, सरपंचाचे पत्र असते. खिडकीतून उत्तर येते, "आजोबाचा पुरावा आणा." अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा पुरावा सरकारला हवा असतो. आपली जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदाराचीच, असे २००१ पासून लागू असलेल्या जात प्रमाणपत्र कायद्याचे कलम ८ सांगते.

आता प्रश्न असा की, हा आजोबा शाळेत गेला होता काय? त्याच्या नावावर जमीन होती काय? गावाने ज्याला शिवेच्या आत राहू दिले नाही, त्याचे नाव गावच्या दप्तरात कुठून येणार? पण म्हणून त्याचे नाव सरकारदरबारी नव्हतेच, असे मात्र कोणी समजू नये. ते होते आणि अंगठ्याच्या ठशासह होते.

इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ मध्ये त्याची व्याप्ती देशभर वाढवली आणि १९२४ मध्ये तो नव्याने मांडला. एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर झाली की तिच्यातल्या माणसाची नोंद व्हायची, बोटांचे ठसे घेतले जायचे, हजेरी लागायची, हद्दीबाहेर जायला पास लागायचा. जाहीरनाम्याविरुद्ध कोर्टात दाद मागायची सोय नव्हती. आईबापांपासून मुले काढून वेगळ्या शाळेत ठेवण्याचा अधिकारही सरकारने स्वतःकडे घेतला होता. माणसाने काय केले हे पाहायचे नाही, तो कोणाच्या पोटी जन्मला एवढेच पाहायचे! मनूचा न्याय आणि गोऱ्या साहेबाचा न्याय इथे एक झाला.

धाराशिवच्या लोकांना हा इतिहास दूरचा नाही. शेजारच्या सोलापुरात या कायद्याखाली तारेच्या कुंपणाची वसाहत होती. त्या भागाला लोक आजही 'सेटलमेंट' म्हणतात. विजापूर, हुबळी, गदग येथेही अशा वसाहती होत्या. सोलापूरच्या गिरण्यांना मजूर हवे होते आणि सेटलमेंटमधली माणसे तिथे कामाला लावली जात. काही काळ या वसाहतीचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. चांगली वर्तणूक दाखवणाऱ्यांसाठी पुढे कुंपणाबाहेर 'फ्री कॉलनी' झाली. या साऱ्याचा कागद होता. कोण आले, कोणत्या जमातीचे, बायकामुले किती, कामाला कुठे, हजेरीला कोण चुकले, हे सारे लिहिले जात होते. सरकारी अहवालात या कैद्यांना शब्द वापरला जाई, 'सेटलर'.

हाच शब्द ऑस्ट्रेलियात मालकाला वापरत. १७८८ ते १८६८ या काळात इंग्लंड-आयर्लंडमधून सुमारे १ लाख ६२ हजार कैदी जहाजांत भरून तिथे नेले. जमीन मिळालेल्या गोऱ्या वसाहतवाल्यांना, म्हणजे सेटलरांना, हे कैदी नोकर म्हणून वाटून दिले जात. कैद्याचे नाव, वय, धंदा, अंगावरच्या खुणा, कोणत्या जहाजाने आला, कोणत्या मालकाकडे दिला, सारे वहीत उतरले. पुढे कित्येक पिढ्या त्यांच्या वंशजांनी हा इतिहास लाजेपोटी लपवला. आज तीच माणसे सरकारी अभिलेखागारात बसून आपल्या कैदी पणजोबाचे नाव शोधतात आणि अभिमानाने सांगतात. २००७ मध्ये युनेस्कोने या दप्तराला जागतिक स्मृतीचा ठेवा म्हणून मान दिला. तिथला बंदी नातवाला सापडतो. मग आमच्या सेटलमेंटमधला आजोबा का सापडत नाही?

पण ऑस्ट्रेलियाचे अर्धेच चित्र पाहून चालणार नाही. सेटलरांना वाटलेली जमीन तिथल्या आदिवासींची होती. ती जमीन कुणाचीच नव्हती ही थाप तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या माबो खटल्यात मोडून काढली. त्यानंतर मरे नदीकाठच्या योर्टा योर्टा आदिवासींनी आपला हक्क मागितला. तेव्हा परंपरा अखंड चालू असल्याचा पुरावा त्यांच्याकडेच मागण्यात आला. १९९८ मध्ये न्यायाधीशांनी आदिवासी म्हाताऱ्यांच्या तोंडच्या साक्षीपेक्षा एडवर्ड कर या एका गोऱ्या मेंढपाळ जमीनदाराच्या पुस्तकाला अधिक वजन दिले आणि दावा फेटाळला. २००२ मध्ये वरच्या न्यायालयानेही तो निकाल कायम केला. ज्याने जमीन घेतली त्याचाच कागद पुरावा, आणि ज्याची गेली त्याची जीभ पुरावा नाही! आमच्या पडताळणी समित्यांसमोर पालावरच्या म्हातारीचे काय होते, हे वेगळे सांगायला नको.

हा प्रश्न आमचा नाही, भटक्यांचा आहे, असे काही कार्यकर्ते म्हणतात. त्यांनी बाबासाहेब पुन्हा वाचावेत. १९४८ च्या अस्पृश्यांवरील ग्रंथाच्या प्रस्तावनेतच बाबासाहेबांनी सुमारे दोन कोटी गुन्हेगार जमाती, दीड कोटी आदिवासी आणि पाच कोटी अस्पृश्य यांना एकाच ओळीत उभे करून या संस्कृतीला जाब विचारला आहे. त्याआधी मुंबई सरकारच्या स्टार्ट समितीवर ते सदस्य होते. १९३० मध्ये अहवाल देणाऱ्या त्या समितीचे अध्यक्ष स्टार्ट हे गुन्हेगार जमातींच्या वसाहतींचेच अधिकारी होते. आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये बाबासाहेबांच्या उपस्थितीत महार-मांग वतनदार परिषद झाली. वतनाच्या कागदाने महार-मांगांना गावकीच्या राबणुकीला बांधले, सेटलमेंटच्या कागदाने पारधी-कैकाड्यांना कुंपणात बांधले. दोन्ही दोर एकाच सुताचे आहेत.

त्यात आमचा जिल्हा निजामी राज्यातला. सोलापूर इंग्रजांचे, तुळजापूर-नळदुर्ग निजामाचे. पोट हातावर घेऊन फिरणाऱ्यांना ही सीमा कधी कळली नाही, पण दप्तराची मात्र फाळणी झाली. इकडचे जुने कागद उर्दू-फार्सीत आणि मोडीत, काही हैदराबादच्या अभिलेखागारात, तर सेटलमेंटचे कागद मुंबई इलाख्याच्या दप्तरात. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' ज्या लातूर परिसरातून आले, तो भाग १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच होता. त्यातल्या माणसांनी कुठल्या कचेरीत काय शोधायचे? शिवाय विदर्भातल्या जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत आणि मराठवाड्यात विमुक्त जातीत. जात एक, खाने दोन.

सरकारला शोधता येत नाही, असे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठवाड्यातली निजामकालीन कागदपत्रे बाहेर काढली, उर्दू-मोडीचे जाणकार बसवले, सरकारी खर्चाने लाखो कुणबी नोंदी शोधल्या. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरबाबत शासन निर्णयही निघाला. एका समाजासाठी सरकार स्वतः दप्तर धुंडाळते, मग पारध्याच्या पोराला "तुझा पुरावा तूच आण" असे का सांगते? मोर्चाची ताकद पाहून पुराव्याचा भार इकडून तिकडे सरकतो, असाच याचा अर्थ घ्यायचा काय?

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. सेटलमेंटची, पोलिसांची, मिशनची आणि त्यांच्या शाळांची जुनी नोंदबुके सरकारने शोधावीत, जपावीत, गाव आणि जमातवार सूची करावी. सरकारी नोकराने कर्तव्य म्हणून केलेली नोंद हा पुरावा असतो. १८७२ च्या कायद्याचे कलम ३५ ते सांगत होते, आता भारतीय साक्ष अधिनियमाचे कलम २९ सांगते. ती नोंद समितीने स्वतः मागवावी. जिथे कागद नाही तिथे म्हातारीची जबानी पूर्ण लिहून घ्यावी.

मात्र एक खबरदारी हवी. ही दप्तरे कुटुंबाला खुली असावीत, ठाण्याला नव्हे. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला, पण १९५९ च्या सराईत गुन्हेगार कायद्याच्या रूपाने नजर कायम राहिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या रजिस्टरांतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितला आणि विमुक्तांना मनमानीपणे अटक करू नये असे पोलिसांना बजावले. जुनी यादी दाखल्यासाठी उघडली आणि संशयितांच्या यादीत शिरली, तर आजोबाची बेडी नातवाच्या पायात पडेल.

तोवर चळवळीने हातावर हात ठेवून बसू नये. २००५ चा माहिती अधिकार हाताशी आहे. तालुक्यातालुक्यातल्या विहारांत आठवड्यातून एक दिवस पालावरच्या बांधवांच्या फायली तपासून द्याव्यात, सोबत कचेरीत जावे, म्हाताऱ्या माणसांच्या तोंडून वंशावळ लिहून घ्यावी. ती माणसे दरवर्षी कमी होत आहेत. ज्या सरकारने कैद करण्यासाठी नाव लिहिले, त्यानेच आता हक्क देण्यासाठी ते शोधून द्यावे. आजोबाची हजेरी रोज घेणाऱ्यांना त्याचा नातू अनोळखी कसा?